रकाना भरताना

शुक्रवारी रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. एवढ्या उशिरा त्याचा फोन म्हणजे एक तर गाडी बंद पडलेली असते, नाहीतर कुकरचं काहीतरी बिनसलेलं असतं. तो डॅलसजवळ एम.एस. करतोय. शेवटचं सेमिस्टर आहे आणि सध्या दिवसाला दहा-पंधरा ठिकाणी अर्ज टाकायचा कार्यक्रम चालू आहे.

"मामा, एक विचारू? हे लोक रेस का विचारतात?"

"कसली रेस?" मी अर्धवट झोपेत.

"अरे, अर्जाच्या शेवटी. हिस्पॅनिक आहेस का, नसशील तर वंश कुठला, पुरुष का स्त्री, काही अपंगत्व आहे का, सैन्यात होतास का. आणि प्रत्येक ठिकाणी शेवटी 'सांगायची इच्छा नाही' असा पण पर्याय. माझा रूममेट म्हणतो, एशियन लिहिलं की अर्ज कचऱ्यात. दुसरा म्हणतो, काहीच लिहिलं नाही तर लपवतोय असं वाटतं. काय करू?"

मी म्हटलं, खरं ते लिही, त्याने काही होत नाही.

"काही होत नाही तर मग विचारतात कशाला?"

इंजिनियर पोरांना अर्धी उत्तरं देऊ नयेत, ती लगेच उलटतात. उद्या सांगतो म्हणून फोन ठेवला. झोप मात्र गेली ती गेलीच. त्याला सकाळी जे सांगितलं आणि जे सांगितलं नाही, ते दोन्ही इथे लिहितोय.

मी इथे आलो २००३ मध्ये. न्यू जर्सीतल्या एका विमा कंपनीत पहिली नोकरी. पहिल्या दिवशी एच.आर.च्या बाईंनी कागदांचा गठ्ठा पुढे ठेवला. पगार कुठल्या खात्यात टाकायचा, आरोग्य विमा कुठला घेणार, काही बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं... आणि त्यातच हा एक कागद. पाच चौकोन. आपल्यासाठीचा चौकोन होता 'एशियन किंवा पॅसिफिक आयलंडर'. (कराडचा माणूस आणि सामोआचा माणूस एका चौकोनात! २००७ पासून ते वेगळे झाले.) मी तो कागद कोराच परत दिला. बाईंनी एकदा कागदाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं, हसल्या आणि पुढचा कागद सरकवला.

कोरा का दिला, याचं कारण त्या बाईंना सांगून कळलं नसतं. आमच्या शाळेत वर्षातून एकदा भर तासाला शिपाई एक कागद घेऊन यायचा आणि सर म्हणायचे, "बी.सी.वाल्यांनी उभे राहा." फीच्या सवलतीचे, शिष्यवृत्तीचे फॉर्म असायचे. मग "ई.बी.सी.वाले", म्हणजे ज्यांच्या घरचं उत्पन्न कमी ते. त्यात मी. दोन्ही वेळा नुसतं उभंच राहायचं असायचं, पण ही दोन उभं राहणं सारखी नव्हती हे आठवीतल्या पोरालाही कळत होतं. माझ्या बाकावरचा मित्र पहिल्या यादीत उठायचा. एरवी आम्ही एका डब्यात जेवायचो. त्या दोन मिनिटांत मात्र तो माझ्याकडे बघायचा नाही, आणि मीही खिडकीबाहेर काहीतरी शोधत बसायचो. सर वाईट नव्हते हो. सवलतही खरी होती, तिच्यावाचून दोघांचंही शिक्षण अडलं असतं. पण माझ्या डोक्यात तेव्हाच बसलं की असलं काही विचारणं हाच अपमान. पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्म आणि जातीचा रकाना भरून आला तेव्हा ते आणखी पक्कं झालं. अमेरिकेत आल्यावर पहिल्या दिवशी पुन्हा तोच रकाना? नाही भरत जा.

पाच-सहा वर्षांनी कंपनीत नवी एच.आर. प्रणाली आली. आपापली माहिती तपासून घ्या असा मेल आला. मी आपला पत्ता वगैरे बघत खाली गेलो तर काय, वंश: एशियन. मी तर कधी लिहिलं नव्हतं! फोन केला. तिकडची मुलगी अगदी सहज म्हणाली, "तुम्ही कोरा ठेवला असेल, मग कुणीतरी बघून भरलं असेल. नियमात तशी सोय आहे."

बघून! एस.टी.चा कंडक्टर पोराकडे बघून अर्धं तिकीट का पूर्ण ते ठरवतो, तसं. आणि सोय खरंच आहे बरं का. माणसाने स्वतः सांगणं हा आता पहिला मार्ग मानतात, पण तो नाही म्हणाला तर नोकरीची कागदपत्रं किंवा बघणाऱ्याचा अंदाज चालतो. म्हणजे माझा पाच वर्षांचा बाणेदारपणा पहिल्याच दिवशी कुणीतरी दोन सेकंदांत निकालात काढला होता. तेव्हा चिडून हे सगळं वाचायला बसलो.

गोष्ट सुरू होते १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापासून. त्यातलं सातवं प्रकरण नोकरीबद्दलचं: वंश, रंग, धर्म, लिंग आणि मूळ देश यांवरून भेद करायचा नाही. हे प्रकरण अमलात आलं २ जुलै १९६५ ला. नॉर्थ कॅरोलायनात डॅन नदीकाठी ड्यूक पॉवर कंपनीचं वीजकेंद्र होतं. तिथे कृष्णवर्णीय कामगार फक्त 'लेबर' खात्यात. त्या खात्यातला सगळ्यात मोठा पगार हा बाकीच्या खात्यांतल्या सगळ्यात छोट्या पगारापेक्षाही कमी. कायदा आला तशी उघड बंदी उठली. आणि नेमक्या त्याच दिवसापासून, २ जुलैपासून, चांगल्या खात्यांत नव्याने येणाऱ्यांना दोन लेखी चाचण्या पास होण्याची अट आली. हायस्कूल पास असण्याची अट होतीच, ती आता 'लेबर'मधून वर जाऊ पाहणाऱ्यांनाही लावली. अट सगळ्यांना सारखी. कुणाच्या रंगाबद्दल त्यात एक अक्षर नाही.

फक्त १९६० च्या जनगणनेप्रमाणे त्या राज्यात हायस्कूल पूर्ण केलेले गोरे पुरुष होते ३४ टक्के आणि कृष्णवर्णीय पुरुष १२ टक्के. आणि गंमत म्हणजे आधीपासून त्या खात्यांत असलेले हायस्कूल न झालेले गोरे कामगार आपलं काम व्यवस्थित करत होते. कोळसा हाताळायला आणि बॉयलर चालवायला ती परीक्षा लागत नव्हती. तेरा कामगार कोर्टात गेले. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की मालकाचा हेतू चांगला असेल-नसेल, पण अटीचा कामाशी संबंध नसेल आणि त्या अटीने एक गट बाहेर राहत असेल, तर ती अट चालणार नाही.

आता हे ३४ आणि १२ कुणी मोजलेच नसते तर? तेरा माणसं कोर्टात काय घेऊन गेली असती?

म्हणून मोजणी. या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या आयोगाने १९६६ पासून कंपन्यांकडून दरवर्षी एक तक्ता मागायला सुरुवात केली. त्याला म्हणतात ई.ई.ओ.-१. शंभर किंवा जास्त नोकर असलेल्या प्रत्येक खाजगी कंपनीने तो भरायचा. एका बाजूला कामाचे प्रकार दहा, साहेबांपासून मजुरांपर्यंत (आपण सॉफ्टवेअरवाले 'प्रोफेशनल' मध्ये मोडतो, ऐकायला बरं वाटतं). दुसऱ्या बाजूला वंश आणि लिंग. मध्ये नुसते आकडे, नावं नाहीत. ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांतला कुठलाही एक पगाराचा काळ घ्यायचा आणि त्या वेळी कोण कुठे बसलंय ते मोजायचं. कुठल्या कंपनीने काय भरलं हे आयोगाने असंच जगजाहीर करायचं नाही, हेही कायद्यातच आहे. अपंगत्वाचा आणि माजी सैनिकांचा प्रश्न येतो तो वेगळ्या कायद्यांतून, १९७३ आणि १९७४ च्या. तो सरकारी कंत्राटं घेणाऱ्या कंपन्यांना लागू. भाच्याला जे एका पानावर दिसतं ते असं तीन-चार ठिकाणांहून गोळा होऊन आलेलं असतं. जुन्या कोडबेससारखंच, कुठली ओळ का आहे ते फक्त इतिहास वाचूनच कळतं.

कंपन्या हे सगळं काही प्रेमापोटी करत नाहीत, एवढं लक्षात ठेवा. एक तर भरावंच लागतं. दुसरं, उद्या कुणी दावा लावला तर स्वतःचा बचाव करायला आकडे हातात असावे लागतात. आणि तिसरं म्हणजे जाहिरात. मे २०१४ मध्ये गूगलने आपले आकडे स्वतःहून छापले: जगभरात ३० टक्के बायका, तांत्रिक कामात १७ टक्के, आणि अमेरिकेतल्या नोकरांत कृष्णवर्णीय २ टक्के. मागोमाग इतरांनीही छापले. तेव्हापासून प्रत्येक कंपनीच्या वेबसाइटवर हसऱ्या चेहऱ्यांचं एक पान आलं. त्या पानांवर माझा फारसा विश्वास नाही. तक्त्यावर आहे.

आपल्या रकान्याची गोष्ट तर आणखी मजेशीर. १९२३ साली भगतसिंग थिंड नावाचे एक गृहस्थ, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, त्यांच्या नागरिकत्वाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. तेव्हा नागरिक व्हायला 'गोरं' असावं लागे. (आफ्रिकी वंशाच्या लोकांची सोय वेगळी होती.) त्यांच्या बाजूचा मुद्दा काय, तर मी उच्चजातीय हिंदू आहे, आर्य आहे, म्हणून गोरा आहे. म्हणजे आपली जात अमेरिकेच्या कोर्टात वंशाच्या रकान्यात बसवायचा प्रयत्न! न्यायालयाने तो फेटाळला. पण पुढे १९७० च्या जनगणनेत आपल्या लोकांना मोजलं ते गोऱ्यांतच. मग इथल्या भारतीयांपैकी काही म्हणाले, आम्हाला वेगळं मोजा, आमच्याशी भेद होतो आणि तो दिसत नाही. काहींना ते मुळीच पसंत नव्हतं, उगाच अल्पसंख्याकांत कशाला जायचं. १९७७ मध्ये सरकारने वंशांची अधिकृत यादी ठरवली तेव्हा भारतीय उपखंड एशियनमध्ये आला, आणि १९८० च्या जनगणनेत 'एशियन इंडियन' असा पर्याय छापला गेला.

त्याचा उपयोग काय झाला? २०१५ साली असेंड नावाच्या संस्थेने गूगल, इंटेल, याहूसारख्या पाच कंपन्यांचे हेच ई.ई.ओ.-१ चे तक्ते एकत्र करून बघितले. एशियन लोक प्रोफेशनलमध्ये सुमारे २७ टक्के, मॅनेजरमध्ये १९, आणि वरच्या साहेबांत १४. दोन-तीन भारतीय सीईओंचे फोटो बघून खूष होणाऱ्या आपल्यासारख्यांना हे कळायला तक्ताच लागला.

हे सगळं मी भाच्याला सकाळी सांगितलं. आता सांगितलं नाही ते.

२०१७ मध्ये मी चोवीस जणांच्या टीमचा मॅनेजर होतो. सोळा पुरुष, आठ बायका. सप्टेंबरात वरून निरोप आला की सहा माणसं कमी करायची, यादी दोन आठवड्यांत द्या. ज्यांनी अशी यादी केली असेल त्यांना माहीत आहे, की त्या दोन आठवड्यांत माणूस घरी नीट जेवत नाही. मी ठरवलं, आपण निदान प्रामाणिकपणे करायची. तोंड बघून नाही. एक्सेल उघडलं, निकष लिहिले, गुण दिले. त्यातला सगळ्यात जड निकष होता 'अडचणीच्या वेळी उपलब्धता'. आमचे रिलीज रात्री व्हायचे. रात्री दोनला सिस्टिम पडली तर फोनवर कोण येतं, शनिवारी कोण बसतं, हे सगळं नोंदलेलं होतं. आकड्यांत होतं. माझ्या मते याहून निःपक्षपाती काही असूच शकत नव्हतं.

यादी पाठवली. तीन दिवसांनी कायदा विभागाच्या बाईंचा फोन आला. त्यांनी मला कुणाबद्दलही काही विचारलं नाही. फक्त एक गणित सांगितलं. तुमच्या सहांत चार बायका आहेत. आठांतल्या चार राहतात, म्हणजे ५० टक्के. सोळातले चौदा पुरुष राहतात, म्हणजे साडेसत्याऐंशी टक्के. पन्नासला साडेसत्याऐंशीने भागा.

मी भागलं. ५७ टक्के.

१९७८ पासून सरकारचा एक ढोबळ अंगठेनियम आहे, चार पंचमांशाचा. एका गटाचं प्रमाण सगळ्यात वरच्या गटाच्या ८० टक्क्यांपेक्षा खाली गेलं की थांबायचं आणि बघायचं. गुन्हा झाला असं नाही. बघायचं. चोवीसच माणसांत योगायोगही असू शकतो, हे त्या बाईंनीच सांगितलं. पण त्यांनी विचारलं, "हा उपलब्धतेचा निकष कामासाठी खरंच लागतो का?"

मी म्हटलं, अर्थात लागतो. फोन ठेवला. आणि मग, नुसतं त्यांना खोटं पाडायला म्हणून, दोन वर्षांचे रात्रीचे सगळे बिघाड काढले. कुठल्या मॉड्यूलमधून आले, कुणाच्या कोडमुळे आले. निम्म्याहून जास्त दोन मॉड्यूलमधून येत होते. ती दोन्ही ज्यांच्याकडे होती ते रात्री अगदी न चुकता हजर असायचे, अर्थात, आपलंच घर जळतंय तर यायलाच हवं. आणि माझ्या यादीतल्या चार बायकांपैकी दोघींच्या मॉड्यूलमधून दोन वर्षांत रात्रीचा एकही फोन आला नव्हता. एकही नाही! त्यातली एक साडेपाचला पाळणाघर बंद होतं म्हणून रोज पाचला उठून जायची. तिच्या उठून जाण्याकडे माझं लक्ष असायचं. न पडलेल्या सिस्टिमकडे कुणाचं लक्ष असतं? न झालेल्या बिघाडाचं तिकीट कुणी काढत नाही.

मी काही बायकांचा द्वेष्टा नाही. घरी बायको, बहीण, आई, सगळ्यांना विचारा. (बहिणीला नको, ती वेगळंच सांगेल :)) पण चोवीस माणसांना एकेक करून बघताना मला प्रत्येक वेळी योग्य कारण दिसत होतं. माणसागणिक बघितलं तर माझी यादी अगदी निर्दोष होती. ज्या गुलाबजामी चेहऱ्याच्या पानांना मी हसायचो, त्यांच्यामागचा तक्ता नसता तर ती यादी तशीच गेली असती.

मग मी बाईंना म्हटलं, ठीक आहे, या दोघींना काढतो यादीतून, दुसरे दोन पुरुष घालतो. त्या चक्क ओरडल्या. "असं अजिबात करायचं नाही. बाई म्हणून काढायचं नाही, आणि बाई म्हणून ठेवायचंही नाही, दोन्ही बेकायदेशीर. निकष चुकीचा असेल तर निकष बदला, सगळ्यांना लावा, मग येईल ते येईल."

निकष बदलला. रात्रीच्या हजेरीऐवजी कुणाच्या कोडने किती रात्री जागवल्या ते धरलं. सगळ्यांना पुन्हा गुण दिले. यादी आली: चार पुरुष, दोन बायका. नव्याने आलेल्या दोन पुरुषांपैकी एक माझा मित्र होता.

मित्र म्हणजे कसा, तर गणपतीला आमच्याकडे आरतीला टाळ वाजवणारा. पुण्याचा. आमच्या मुलांचे वाढदिवस एकत्र व्हायचे. एच-१बी वर होता, ग्रीन कार्डच्या रांगेत नऊ वर्षं. त्या दोन मॉड्यूलपैकी एक त्याचं. कोड यथातथाच, पण रात्री दोनला फोन केला तर पहिल्या रिंगला उचलणार. दोन वर्षांत एकदाही चुकला नाही.

नोकरी गेल्यावर एच-१बी वाल्याला साठ दिवस मिळतात. त्यात दुसरी नोकरी नाही मिळाली तर निघायचं. हा साठ दिवसांचा नियमही त्याच वर्षी जानेवारीत लागू झाला होता, त्याआधी तेवढेही नव्हते. कंपनीने नियमाप्रमाणे परतीच्या तिकिटाचे पैसे देऊ केले. त्याचे एकट्याचे. बायको आणि तिसरीतली मुलगी नियमात बसत नव्हती.

आणखी एक कागद मिळतो. चाळीस वर्षांवरच्या लोकांना गटाने काढताना १९९० च्या कायद्याप्रमाणे एक यादी द्यावी लागते: कुठलं पद, वय किती, किती जणांना काढलं, किती राहिले. नावं नसतात. विचार करायला पंचेचाळीस दिवस. तो एक्केचाळीसचा होता. त्याने मला फोन केला. आवाज अगदी साधा. "अरे, बघितलं का, त्या कागदावर मी आहे. डेव्हलपर, एक्केचाळीस, काढलेले एक." मग म्हणाला, "मी कधी फोन उचलला नाही असं झालंय का रे?"

मला काहीही बोलायची परवानगी नव्हती. मी म्हटलं, नाही, कधीच नाही झालं.

तो पुण्याला परत गेला, आता तिथे बरं चाललंय असं इतरांकडून कळतं. दिवाळीला शुभेच्छांचा मेसेज येतो, मीही पाठवतो. त्यापलीकडे काही नाही.

मी चूक केली असं मला वाटत नाही. दुसरी यादी पहिलीपेक्षा बरोबर होती. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तो दर रात्री पहिल्या रिंगला फोन का उचलायचा? कामाची आवड म्हणून? ज्याचं घर, मुलीची शाळा, सगळं एका नोकरीला टांगलेलं आहे त्याला रिंग वाजू द्यायची हिंमत होत नाही. आधी मी त्या भीतीला चांगले गुण दिले, आणि मग निकष बदलून तेही काढून घेतले. व्हिसाचा रकाना त्या बाईंच्या तक्त्यात नव्हता. असता तर त्यांनी आणखी एक भागाकार सांगितला असता का? मीही विचारलं नाही.

रकाना नसलेली आणखी एक गोष्ट आहे आणि ती तुमच्या मनात केव्हाची आली असेल. त्या तक्त्यात मी, माझा पुण्याचा मित्र आणि शाळेतला तो बाकावरचा मित्र, तिघेही नुसते 'एशियन'. जून २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्याने सिस्को कंपनीवर दावा लावला की एका दलित इंजिनियरला भारतीय वरिष्ठांनी जातीवरून त्रास दिला. कंपनीने आरोप नाकारले. दोघा व्यवस्थापकांविरुद्धचा दावा २०२३ मध्ये खात्याने स्वतःच मागे घेतला. खरं-खोटं मी सांगू शकत नाही. त्याच वर्षी सिॲटल शहराने जातिभेदावर बंदी घातली आणि कॅलिफोर्नियाचं तसंच विधेयक गव्हर्नरांनी परत पाठवलं. त्या दिवसांत आमच्या जेवणाच्या टेबलावर सगळ्यांचं एकमत होतं की इथे जात वगैरे काही नाही. टेबलावर कोण बसलं होतं, ते मी मनातल्या मनात मोजलं. आडनावांवरून, बघून. एच.आर.च्या त्या पहिल्या बाईसारखंच.

भारतातल्या खाजगी कंपन्यांतही हेच. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीच्या अहवालात स्त्री-पुरुष आणि दिव्यांग नोकर किती ते द्यावं लागतं. जात नाही. सरकारी कचेरीत बिंदुनामावली असते, तिथे सगळं लिहिलेलं असतं. खाजगीत कुणी विचारत नाही, आणि विचारत नाही याचा आम्हाला अभिमान असतो. मलाही होता. माझा मित्र तेव्हा दोन मिनिटं उभा राहायचा ते वाईटच होतं. पण ते उभं करण्याच्या पद्धतीत वाईट होतं, मोजण्यात नाही, असं मला आता वाटतं. त्याला काय वाटतं ते विचारायला हवं. तीस वर्षांत भेट नाही.

इथलंही आता बरंच हललंय. सरकारी कंत्राटदारांसाठीचा १९६५ चा जुना आदेश जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला. एप्रिलमध्ये दुसरा आदेश निघाला की हेतू नसताना झालेल्या अशा परिणामांच्या मागे सरकारी खात्यांनी लागू नये. म्हणजे ड्यूक पॉवरचाच मुद्दा. ई.ई.ओ.-१ मात्र २०२५ मध्येही मागवला गेला, आणि १९६४ चा कायदा जागेवर आहे. कायदा विभागाच्या त्या बाई निवृत्त झाल्या, नाहीतर त्यांना विचारलं असतं की आता भागाकार कोण करतं.

तर सकाळी भाच्याला फोन केला. ड्यूक पॉवर सांगितलं, थिंड सांगितलं. त्याने 'हं, हं' केलं. शेवटी म्हटलं, "एशियनवर टिक कर. ते पान मुलाखत घेणाऱ्याकडे जात नाही. निदान जायचं नसतं."

"तू करतोस?"

"आता करतो."

"आणि व्हिसा स्पॉन्सर करावा लागेल का, असं पण विचारतात. ते पण ऐच्छिक असतं का? तिथे 'सांगायची इच्छा नाही' दिसत नाही."

"नाही, ते ऐच्छिक नसतं. ते खरं लिहावं लागतं."

"आणि ते बघतात?"

"ते बघतात."

तो जरा वेळ गप्प होता. मागे कुणीतरी मिक्सर लावला होता, बहुतेक रूममेट.

"बरं," म्हणाला. "आईला सांगू नकोस मी हे विचारलं ते."